दोन्ही हात आडवे

क्रेनच्या कॅबिनमध्ये बसलेल्या चालकाला खालचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खाली उभा असलेला माणूस त्याच्याशी हातांनी बोलतो. आमच्या या गड्याने उभं आयुष्य तेच काम केलं. तोंड उघडणं त्याच्या जिवावर यायचं. घरीसुद्धा ताटात पुरेसं वाढून झालं की हा नुसता तळहात आडवा धरायचा. बायको वैतागायची, "अहो, मी काय क्रेन आहे? तोंडाला कुलूप लावलंय का?"

मग त्याचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, पण ताप हटेना आणि घशात घातलेल्या नळीमुळे आवाज पार बसला. दुसऱ्या दुपारी छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. ठोके मध्येच लागोपाठ पडायचे, मध्येच एखादा गळायचा. असं त्याला जन्मात झालं नव्हतं. सिस्टर शेजारीच सलाईन बदलत होती. त्याने दोन्ही हात आडवे पसरले आणि जोरात हलवले. साइटवर ही खूण दिसली की सगळं जागच्या जागी थांबतं.

"वा काका, व्यायाम का? फक्त सुईचा हात जपा हं," असं म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली.

तो हात तसेच हलवत राहिला. आपण चाललो आणि कुणाला पत्ताही नाही, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात बायको धुतलेले कपडे घेऊन दारात आली. नवऱ्याचे हात पाहताच पिशवी तिथेच टाकून ती ओरडली, "सिस्टर, धावा! व्यायाम कसला? कुणाच्या जिवावर बेतलं तरच हे असे हात करतात!"

सिस्टरने मनगट धरलं आणि तिचा चेहराच उतरला. ईसीजी निघाला, डॉक्टर धावत आले, औषध सुरू झालं. संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले. सिस्टर मात्र घटकेघटकेला येऊन नाडी पाहत होती.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन, त्यात एवढा ताप. अशा माऱ्यात धडधाकट हृदयही बिथरतं. वेळेवर कळलं म्हणून बरं. पण हे पुन्हा होऊ शकतं, तेव्हा घरी गेल्यावरही तपासणी चुकवायची नाही. आणि काही वाटलं तर लगेच सांगायचं."

"तोंडाने," बायकोने जोड दिली.

डॉक्टर गेल्यावर त्याने तिच्याकडे पाहून हात उचलले. पण उचला, खाली घ्या, थांबा, एवढंच त्या हातांना येत होतं. आभाराची खूण साइटवर कधी लागलीच नव्हती. शेवटी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू होतीस म्हणून मी आहे गं."

तिने डोळे पुसले. "ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं.