नाकाला रुमाल
कच्च्या पेट्रोलचा वास आला की मला जालना एमआयडीसीजवळचं ते गॅरेज आठवतं. माझ्या जुन्या गाडीचं इंजिन ट्यून करायला पुण्याहून एक तज्ज्ञ आला होता. त्यानं धुरात किती हवा उरते ते मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसवला, बाजूच्या स्टुलावर लॅपटॉप देवासारखा मांडला आणि निकाल दिला, "पेट्रोल कमी पडतंय." तो पेट्रोल वाढवत गेला, मीटर तरी कमीच म्हणत राहिलं आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागले. गॅरेजचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "साहेब, काळा धूर निघून राह्यला. दिसत न्हाई का?" तज्ज्ञ हसला, "काका, नाकानं ट्यूनिंग करायचे दिवस गेले." "मंग नाक कापून ठिवतो," म्हणत मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. वीस वर्षं माझी गाडी त्याच्याच हातात होती. मी म्हणालो, "मशीन कशाला खोटं बोलेल?" मिस्त्रीनं भिंतीवरच्या देवाच्या फोटोपुढची उदबत्ती उचलून सेन्सरच्या अलीकडच्या, पाइपाच्या जोडाजवळ धरली. तिचा धूर जोडाच्या फटीत ओढला जाऊ लागला. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सर तीच मोजून पेट्रोल कमी दाखवत होता. तज्ज्ञानं लॅपटॉप मिटला. मी मिस्त्रीला म्हणालो, "आता तुम्हीच करा." त्यानं पाना पेटीत टाकला. "मशीनला सांगा ना. ते खोटं बोलत न्हाई." माझी आताची गाडी विजेवर चालते, तिला धूर नाही की वास नाही. तरीही मी त्या गॅरेजवरून गेलो की मिस्त्री नाकाला रुमाल लावतो.