समुद्राची ओटी

समोरच्या बाईच्या पदराचं टोक हातात धरल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही. आपण विचारावं वांग्याचं, आणि तिनं हातातला आपला पदर स्वतःच्या बोटाला गुंडाळत सांगावं मुंबईचं. बोलणं संपेपर्यंत पदराला गाठ बसलेली असायची. "ध्यानात राह्यते मंग," असं म्हणून टोपली डोक्यावर घेऊन ती पुढच्या दारी जायची. ती गाठ सोडताना मी रोज चिडायची.

नांदुऱ्यात तिला सगळे मुंबईवाली म्हणत. मी तोंडावर मावशी म्हणायची. नवरा मुंबईच्या गिरणीत होता, तिथं बारा वर्षं संसार झाला, मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर ती गावी परतली आणि नदीकाठच्या तुकड्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावून विकू लागली. आमच्या घरी तिला बसायला ओसरीची पायरी होती आणि चहाला कान तुटलेला कप. माझ्या सासूबाई पाटलीण होत्या. कोणी कुठं बसायचं हे त्यांच्या घरात ठरलेलं असे, आणि सुनेनंही ते मोडायचं नसे.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. पुरुषमाणसं कोर्टकचेरीसाठी नागपूरच्या गाडीत बसत. बायकांचं मन मात्र उलट्या दिशेच्या गाडीवर असे, आणि त्याला कारण ही बाई. दर फाल्गुनात, गहू-हरभरा घरात आला की ती पाच-सात जणींना घेऊन मुंबईला निघायची. तिची जुनी चाळ होती, तिथं एका ओळखीच्या खोलीत उतरायचं आणि चार दिवसांनी परत यायचं.

तिचे मुंबईचे नियम मला अजून पाठ आहेत. बोरीबंदरला उतरलं की वर बघायचं नाही. आधी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि गर्दी ओसरू द्यायची. मग पदराला पदर बांधायचा आणि खोलीवर परतेपर्यंत गाठ सोडायची नाही. ट्रामची हौस एकदाच, पण पुढच्या बाकावर बसून. राणीच्या बागेत सगळी जनावरं पाहत धावायचं नाही. एक हत्ती नाहीतर एक वाघ धरायचा आणि त्याच्यापुढं बसायचं. "साऱ्यायले पाह्यसान तं एकही ध्यानात नाही राह्यत," असं ती म्हणे. भुलेश्वरला बांगड्या भरायच्या त्या शेवटच्या दिवशी, म्हणजे गर्दीत फुटत नाहीत. समुद्र संध्याकाळी चौपाटीवर पाहायचा, पाय भिजवायचे, हात जोडायचे आणि निघायचं. पुढं मी मुंबईची माहिती देणारी छापील पुस्तकंही पाहिली. त्यांत भिंतीला पाठ लावून उभं राहायला कुणी सांगितलेलं नाही.

आता त्या एका फाल्गुनाचं सांगते. तेवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

आदल्या पावसाळ्यात माझे यजमान विषमज्वरानं पडले होते. एकवीस दिवस आम्ही दोघी सासूसुना त्यांच्या उशाशी होतो. बाविसाव्या दिवशी ताप उतरला आणि सासूबाई म्हणाल्या, "मी समुद्राची ओटी बोलली होती." आमच्याकडं नदी ओलांडताना बायका नदीची ओटी भरतात, खण-नारळ-तांदूळ पाण्यात सोडतात. सासूबाईंनी नदीवर न थांबता थेट समुद्राला हात घातला होता. मुलगाच तसा लाखमोलाचा, त्याला काय करणार!

सासरे तयार होईनात. त्यांनी मुंबईवालीला बोलावून घेतलं. ती पायरीवर उभी राहिली. त्या दिवशी तिच्या हाताला कुणाचा पदर नव्हता, म्हणून स्वतःचाच पिळत होती.

"सात बाया नेऊन राह्यली तू," सासरे म्हणाले. "त्यात माह्या घरच्या दोन. एखादी कमी झाली तं?"

"नेल्या तितक्या तुमच्या दारात आणून सोडीन, पाटील."

"अन नाही सोडल्या तं?"

"तं मीही येणार नाही," ती म्हणाली.

सासरे हसले. आम्हीही हसलो. बोलण्याची एक पद्धत म्हणून ते आम्ही ऐकलं.

मुंबईतले पहिले दोन दिवस नियमाप्रमाणं गेले. सात जणी एका माळेत चालत होतो आणि लोक थांबून पाहत होते. ती पुढं असायची आणि मागं न बघताच ओरडायची, "गाठ सोडू नोका व!" सासूबाईंना एका भाजीवालीच्या मागं असं बांधून चालणं कसं वाटत असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला आतून फार मजा वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी महालक्ष्मीचं दर्शन झालं. संध्याकाळी चौपाटीवर ओटी भरायची असं ठरलं होतं.

पण देवळाच्या मागं समुद्र दिसला आणि सासूबाई तिथंच अडून बसल्या. चौपाटीवर माणसांचे पाय लागलेलं पाणी, ओटी तिथं नाही. देवीच्या पायाशीच भरायची.

पाणी खडकांच्या पार पलीकडं गेलेलं होतं. काळे, शेवाळलेले खडक उघडे पडले होते आणि त्यांत जागोजागी डबकी साचली होती. मुंबईवालीनं कपाळावर हात धरून पाहिलं. "यंदा समुद्र लई खाली गेला," ती म्हणाली. "इकडंही पाणी कमी पडलं असंन."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही हसाल, पण आमच्या विहिरी अशाच वागतात. पाऊस चांगला झाला की पाणी वर, नाही झाला की खाली, आणि एकदा खाली गेलेलं पाणी पुढच्या मृगापर्यंत वर येत नाही. पूर यायचा तर वरच्या अंगाला पाऊस लागतो. डोक्यावर ढगाचा तुकडा नव्हता. आमच्यासारख्यांना भीती वाटावी असं तिथं काही नव्हतंच.

पदर बांधलेलेच होते. आम्ही सात जणी खडकांवरून पाण्याकडं निघालो. ती मागं थांबली. विधवेनं ओटीला पुढं व्हायचं नाही, म्हणून काठाजवळच्या उंच खडकावर आमच्या वहाणा आणि फराळाचं गाठोडं सांभाळत ती बसून राहिली. वाटेत दोन खडकांमध्ये एक घळ होती. तळाशी घोटाभर पाणी होतं. ती ओलांडून आम्ही टोकाला पोचलो.

सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ सोडला. नारळ लाटेबरोबर गेला आणि परत त्यांच्या पायाशी आला. त्यांनी पुन्हा सोडला. तो पुन्हा आला, या वेळी हातभर वर. "घेतलं मायनं, अन परसाद देला वापस," त्या म्हणाल्या, आणि नारळ ओच्यात घेतला. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले. मग त्या तिथंच बसल्या आणि यजमानांच्या आजाराचे एकवीस दिवस एकेक करून समुद्राला सांगू लागल्या. मधे बोलायची आमची कुणाची छाती नव्हती.

मागून हाका ऐकू आल्या. काठावर एक कोळीण दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होती. लाटांच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मी घळीकडं पाहिलं. घोटाभर पाणी मांडीइतकं झालं होतं आणि दोन्ही बाजूंनी आत घुसत होतं.

मुंबईवाली उठून उभी राहिलेली मला दिसली. ती एकदा कोळणीकडं पाहत होती, एकदा पाण्याकडं. मग वहाणा टाकून ती आमच्याकडं धावत सुटली. तिची जागा कोरडी होती, काठ दहा पावलांवर होता, हे विसरू नका.

आम्ही घाबरून एकदम उठून घळीकडं धावलो आणि तिथंच चूक झाली. शेवटची बाई शेवाळावरून घसरली. तिच्या पदरानं पुढची ओढली गेली, तिच्या पदरानं सासूबाई. तिघी घळीच्या कडेला पडल्या आणि सासूबाईंचा पाय खडकांच्या फटीत अडकला. आम्ही उरलेल्या चौघी वाकून कशाबशा उभ्या होतो. आणखी एक पाय घसरला असता तर सातही जणी पाण्यात गेल्या असत्या.

"गाठी सोडा!" ती ओरडत आली. "अवं सोडा, सोडा गाठी!"

भिजलेल्या गाठी सुटत नव्हत्या. तिनंच त्या सकाळी ओढून बसवल्या होत्या. तिनं दातांनी एक सोडवली, दुसरी सोडवली, मग सरळ पदर फाडायला लागली. एकेकीला हाताला धरून तिनं घळीतून पलीकडं काढलं. कोळणीच्या हाकेनं तिघं-चौघं कोळी धावत आले होते, ते पुढून ओढून घेत होते. पाच जणी गेल्या. पाणी तिच्या छातीला लागलं होतं.

मी सासूबाईंचा पाय सोडवत होते. ती परत आली आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून फटीत हात घालू लागली.

"पोरी, मले माहीत नव्हतं व," ती म्हणाली. "हे पाणी असं वापस येते, मले कोणी सांगतलंच नाही. बारा वर्षं त्या खोलीतच गेली. त्यानं मले दोनदा समुद्र दाखवला. दोनदा!"

कुणाच्या जिवावर आपण इतक्या लांब आलो, हे त्या क्षणी मला कळलं. रागही आला. खरं सांगायचं तर फार राग आला. तो राग मी पुढं पुष्कळ वर्षं शोधला, पण मला तो परत सापडला नाही.

पाय सुटला, पण घोटा मोडला होता. कोळ्यांनी दोर फेकला. तिनं मला आधी पाठवलं. मी नाही म्हणत होते, तर खांद्याला धरून पाण्यात ढकललंच. दोर परत आला तेव्हा लाटा खडकावरून जायला लागल्या होत्या. सासूबाई तिला ओरडून सांगत होत्या, "तू जाय आधी! मी लंगडी, माह्यानं होत नाही!"

"पाटलाले शब्द देला हाय मी," असं म्हणून तिनं दोर सासूबाईंच्या कमरेला बांधला.

कोळ्यांनी दोर ओढला. सासूबाई दोनदा पाण्याखाली गेल्या आणि काठाला लागल्या. त्यांच्या कमरेचा दोर सोडेपर्यंत कितीसा वेळ गेला असेल? दोर पुन्हा टाकायला कोळी वळला, तेव्हा खडकावर कुणी नव्हतं. नुसतं पाणी होतं. दोघांनी उड्या टाकल्या. उशिरापर्यंत ते शोधत होते.

दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्याला सापडली. तिच्या नवऱ्याच्या जोडीला काम केलेल्या एका म्हाताऱ्यानं अग्नी दिला.

नांदुऱ्याच्या फलाटावर सासरे बैलांची दमणी घेऊन आले होते. सासूबाईंना आम्ही चौघींनी उचलून उतरवलं. सासऱ्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून गेली.

"साऱ्या आल्या?" त्यांनी विचारलं.

"साऱ्या आल्या," सासूबाई म्हणाल्या. "ते नाही आली."

सासऱ्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि घरापर्यंत तसेच बैलांच्या बाजूनं चालत आले.

घरी आल्यावर सासूबाई आत येईनात. पायाला पट्ट्या बांधलेल्या, तरी ओसरीवरच बसून राहिल्या. मी देवघराकडं निघाले तर म्हणाल्या, "देवाले शिवू नोको. घरात सुतक हाय." भाऊबंदांत कुणी गेलं नव्हतं. सासऱ्यांनी गुरुजींना बोलावून घेतलं.

गुरुजी समजुतीनं बोलले. "पाटलीणबाई, त्या बाईंनी मोठं काम केलं. पण नात्यावाचून सुतक नसतं. तुमची कोण लागत होती ती?"

"बहीण म्हणा," सासरे हळूच म्हणाले.

"बहीण तर बहीण. पण लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवसांचं. दहा दिवस धरायचे तर घरातलंच माणूस लागतं."

शास्त्राबाहेर सासूबाई आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या.

"मंग जाऊ सांगा," त्या म्हणाल्या. "माही धाकली जाऊ होती."

माझ्या सासऱ्यांना भाऊ नव्हता. गुरुजींना ते चांगलं ठाऊक होतं. तीन पिढ्यांचे विधी त्यांच्याच घराण्यानं केले होते. त्यांनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे खाली बघत होते. गुरुजींनी पंचांग मिटलं, उपरणं सावरलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, दहा दिवस देव पुजू नका."