दुसऱ्या पडद्यावरची रिकामी ओळ

त्या आठवड्यात माझी नोकरी वाचवली ती आमच्या घरमालकीण काकूंनी. जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेल्या, निवृत्त, विधवा, तोंडाने फटकळ. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिहिताना मला अजून राग येतो आणि त्या रागात त्यांचं सांगायचं राहून जाईल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कोकणातली, नववीत शाळा सुटलेली. लग्न होऊन इकडे नागपूरकडच्या देवळीला आले. नवरा बियाण्यांच्या एका कारखान्यात फिटर होता, त्याच्या ओळखीने मला तिथल्याच ऑफिसात टायपिंगचं काम मिळालं. मी घाबरट. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी. त्यामुळे चुका कमी करायचे, आणि म्हणून जुना ऑपरेटर नोकरी सोडून नागपूरला गेला तेव्हा कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे आली.

त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत एक युनिक्सचं मशीन आणि त्याला जोडलेलं एक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. जुना ऑपरेटर रोज सकाळी उदबत्ती लावून त्यावर पाच ओळी टाइप करायचा, डाव्या हाताने पडदा झाकून. पिशव्यांवरच्या लेबलांवर जो हंगाम, जे वाण छापायचं ते तो त्या ओळींमधून मशीनला सांगायचा. एकेका नावात एकेक गोष्ट भरून ठेवायची, मग लेबलांचा प्रोग्राम ती नावं विचारतो आणि छापतो. व्हेरिएबल म्हणतात त्याला. जाताना त्याने मला पाच ओळींची चिठ्ठी दिली. काय आहे हे, विचारलं तर म्हणाला, "तुम्ही फक्त टाका ना मॅडम. समजून काय करता?"

मी टाकत राहिले. मॅनेजर दारातून विचारायचे, "झाली का सेवा?" झाली म्हटलं की लेबलं सुरू. तीन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग मॅनेजरसाहेबांच्या मेहुण्यासाठी दुसरं टर्मिनल आलं. मशीन तेच, पडदा नवा. त्याने पहिल्याच दिवशी त्यावरून लेबलं काढली आणि न बघता माल भरून पाठवला. दोन दिवसांनी गाडी परत आली. लेबलांवर हंगामाची आणि वाणाची जागा कोरी होती.

मॅनेजरांनी मला सगळ्या ऑफिससमोर उभं केलं.

"नववी शिकलेल्या बाईच्या हाती मशीन देल्लं, आपलीच चूक हाये," ते म्हणाले.

मेहुणा खुर्चीवर रेलून म्हणाला, "सकाळी टाकलंच नसन भाऊजी. घरी कामं राह्यते बायांले."

मी टाकलं होतं. पहिल्या टर्मिनलवर मशीनला विचारलं तर 'खरीप' असं स्वच्छ उत्तर आलं. मी दोघांना बोलावून दाखवलं. मग दुसऱ्या टर्मिनलवर तोच प्रश्न टाकला. उत्तरात एक रिकामी ओळ. चूक झाली असंही नाही, माहीत नाही असंही नाही. नुसती रिकामी ओळ. त्या ओळीचा मला जितका राग आला तितका माणसांचाही आला नव्हता, आणि माणसांचा कमी आला नव्हता.

मॅनेजर म्हणाले, "शनिवारपर्यंत मार्गी लागलं तर ठीक. नाई तर तुम्ही घरीच बसा."

नागपूरच्या इंजिनिअरला फोन केला. "मॅडम, बराबर डाला क्या? फिर से डालो," एवढं बोलून त्याने ठेवून दिला. फिर से किती वेळा? मी त्या दिवशी माझ्या पडद्यावर अकरा वेळा टाकलं; मशीन एकच, मग दुसऱ्या पडद्यावर वेगळं कशाला टाकायचं, असं वाटलं.

मला एक युक्ती सुचली. ओळी एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि दुसऱ्या टर्मिनलवर ती फाईल चालवायची. चार ओळी लिहिल्या. चिठ्ठीतली पाचवी मला नुसती समाप्तीची वाटली, ती सोडली. फाईल चालवली, काही तक्रार आली नाही. विचारलं, तर परत रिकामी ओळ.

संध्याकाळी घरी येऊन मी भांडी आपटत होते. काकू दारापुढच्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या.

"काऊन वं, भांड्याइनं काय केलं तुवं?"

मी सांगितलं. सांगताना रडले, रागाने. काकूंनी मध्ये तोंड घातलं नाही, हे त्यांच्या बाबतीत नवलच. त्यांच्या एक्सचेंजमध्ये शेवटच्या वर्षांत बिलांसाठी असंच मशीन आलं होतं, पन्नाशीत शिकल्या होत्या त्या. मला ते तोवर माहीतच नव्हतं.

"आमच्या बोर्डावर," त्या म्हणाल्या, "हरेक बाईची पाटी आपली आपली. माह्या पाटीवर लिवलेलं बाजूच्या बाईले काय माहीत? तुही पहिली जागा अलग, दुसरी अलग."

"पण मशीन एकच आहे ना काकू?"

"एक्सचेंजही एकच होतं, पाट्या अलग होत्या. अन् फाईल चालवली म्हंते. चालवली म्हंजे मशीननं एक तिसरा माणूस उभा केला, त्यानं आपल्या पाटीवर लिवलं, काम झालं, तो पाटी घेऊन गेला. तुले काय भेटन? फाईलच्या नावाआधी एक टिंब दे, मंग जागा सोड, मंग नाव लिव. टिंब म्हंजे, दुसऱ्याले नको पाठवू, इथीच बसून वाच."

सकाळी टिंब दिलं. दुसऱ्या पडद्यावर 'खरीप' उमटलं आणि मी खुर्चीतच हात जोडले. लेबल काढलं, तर कोरं.

मेहुणा हसला. "पडद्यावर हाये अन् कागदावर नाई. जादूचे प्रयोग हायेत मॅडमचे."

जेवायच्या सुट्टीत मी दोन गल्ल्या पळत घरी गेले. काकूंनी जुन्या ऑपरेटरची चिठ्ठी मागितली, चष्मा चढवला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काऊन सोडलं? पाटी तुह्याजवळ हाये, पण लेबलचा प्रोग्राम तुह्या हाताखालचा. त्याले पाटी दाखवाव लागते. हेच एक्स्पोर्ट. अन् रोज रोज काय टाकत बसतं? मशीनमधी शिरल्याबरोबर हरेक जागेवर जे फाईल आपोआप वाचल्या जाते, तिच्यात घालून दे. मंग कोणीही बसो."

पाच ओळींत एवढंच होतं. एवढ्यासाठी तो माणूस वर्षानुवर्षं हाताने पडदा झाकत होता. एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. ते वाक्य मला समजणार नाही हे त्याने परस्पर ठरवलं, आणि मीही ते तीन महिने मानून घेतलं.

शुक्रवारी दुपारी दोन्ही टर्मिनलवरून हंगाम आणि वाणासकट लेबलं निघाली. मॅनेजर आले, दोन्ही लेबलं शेजारी धरून बघितली. "झालं ना एकदाचं," ते म्हणाले. मेहुणा म्हणाला, "मी म्हणलंच होतं, सेटिंगचं लफडं असन." मॅनेजरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. नागपूरला फोन करून सांगितलं की आमच्या पोराने शोधून काढलं.

मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमाले कोणी काही सांगतलं का?"

मी नाही म्हटलं. बाहेरच्या बाईला ऑफिसातलं सांगितलं म्हणून परत उभं करतील, ही भीती. नोकरी राहिली. पुढे सहा वर्षं मी त्या खोलीत होते, आणि त्या सहा वर्षांत एकदाही काकूंचं नाव तिथे घेतलं नाही. बाकीच्यांवर चिडून झालं की शेवटी मी माझ्या त्या 'नाही'पाशीच येऊन थांबते.

काकू आता लेकाकडे असतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचं ऑपरेशन सेवाग्रामच्या इस्पितळात करायचं घाटतंय. सुनेला रजा मिळत नाही म्हणून लांबतंय. काकू, तारीख ठरली की मला कळवा. मी आठ दिवस येऊन तुमच्या खाटेपाशी राहीन, डोळ्यात थेंब घालीन. आणि त्या मॅनेजरांना मी काय उत्तर दिलं होतं, ते तुम्हाला तोंडावर सांगेन. मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला.