एकदाच बुडवलेला पैसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चुलतभावाला नाही, लॅबमधल्या मैत्रिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. थकले असेन. डोक्यावर माशाची पाटी घेऊन चालताना काही वाटत नाही — थांबलं की मान दुखायला लागते. तसं काहीतरी.

पाटीचं मला ठाऊक आहे, कारण मी कोळ्याच्या घरातली. सातपाटीची. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. स्वतःची बोट त्याची कधीच झाली नाही. आय बोंबील वाळवायची आणि पालघरच्या बाजारात बसायची. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की आमची चूल दिवसातून एकदाच पेटायची, तीही संध्याकाळी — म्हणजे भरल्या पोटी झोप तरी लागते. शाळेत माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. वास येतो म्हणायचे. येत असणारच.

बाबाला अक्षरओळख नव्हती. पण शिकलेल्या माणसावर त्याचा असा विश्वास, की राग यावा. डॉक्टर म्हणाला, खरं. मास्तर म्हणाला, खरं. "शिकलेलं मानूस खोटं कशाला बोलंल?" तो म्हणायचा. "त्याला गरज काय?"

मग मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पहिली. त्या दिवसापासून मीही त्या खऱ्या माणसांत जाऊन बसले.

तारापूरच्या एका केमिकल कंपनीत मला लॅबमध्ये नोकरी लागली. बोईसरला तिसऱ्या मजल्यावर घर झालं. आय गेली, बाबाचा उजवा खांदा जाळी ओढून ओढून कामातून गेला, तेव्हा मी त्याला तिथं आणलं. तो गॅलरीत उभा राहून वारा हुंगायचा आणि तोंड वाकडं करायचा. "हा दर्याचा वारा नाय पोरी, तुझ्या कंपनीचा हाय." बोलायला माणूस नाही, हाताला काम नाही. हॉलमध्ये मी हौसेनं काचेची टाकी घेतली होती, रंगीत माशांची. ती बघून म्हणाला, "खायचे नायत, मग पाळलेत कशाला?"

आणि मग दामू — माझा चुलतभाऊ, बोटीवर जातो — तो एक दिवस सांगत आला की खडकात अडकलेल्या जाळ्यात एक जिवंत ऑक्टोपस मिळालाय. आम्हाला माकूल, म्हणजे स्क्विड, माहीत. हा त्याचा आठ पायांचा भाऊबंद. "बाजारात कोन घेतंय याला? म्हटलं ताईला देऊ. ती सायंटिस्ट हाय." मी सायंटिस्ट नाही. पण नाहीही म्हणाले नाही.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या प्राण्याला घरात मी नीट रुळवला. तेवढा मान मी माझा मला देते. रंगीत मासे वाटून टाकले. दामूनं समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणलं. टाकी तयार होईपर्यंत ऑक्टोपस तोंड बांधलेल्या दाट विणीच्या टोपलीत, खाडीत. पाण्याचा खारटपणा रोज तपासला, पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाणूंचा जम बसू दिला, मगच त्याला घरी आणवला. एकदम टाकीत सोडला नाही. बादलीत ठेवून, सलाईनच्या नळीनं टाकीतलं पाणी थेंब थेंब त्यात पाडत बसले. बाबा शेजारी पाटावर. "पावन्याला सलाईन लावलीस? तापबिप हाय का त्याला?"

तेव्हापासून त्याचं नाव पाव्हणा.

लपायला बाबानं फुटक्या मडक्याचा अर्धा भाग वाळूत रोवून दिला. पाव्हणा त्यात गेला आणि दोन दिवस नुसता एक डोळा दाखवत राहिला. ही जात पळपुटी — बोटभर फटीतून अख्खी निसटते. म्हणून टाकीला झाकण, आणि झाकणावर आयचा पाटा. मिक्सर आल्यापासून तो गॅलरीत पडून होता. बाबा म्हणाला, "तुझी आय अजून राखन करतेय बघ." झाकण उघडलं की पाटा परत ठेवायचा — हा नियम मी केला. मीच.

आता पैशाचं सांगते.

बाबाच्या कमरेच्या करगोट्यात एक भोकाचा पैसा ओवलेला होता. जुना, तांब्याचा. त्याच्या आजीनं बांधलेला, बुडू नये म्हणून. आमच्या घरची रीत होती — नवीन पाणी भरलं, हंड्यात असो की पिंपात, की त्याला आधी तो पैसा लावायचा. पाणी मानवतं म्हणे. टाकी भरली तेव्हा बाबा करगोटा सोडून पुढं आला. मी ओरडलेच. "बाबा, तांबं नको! तांबं विष आहे असल्या जिवांना." हे खरं आहे. पाण्यात विरघळलेलं तांबं त्यांना सोसत नाही. पण मी ओरडेपर्यंत पैसा पाण्याला लागला होता. एकदाच. बुडवला आणि काढला. पाव्हणा तेव्हा टाकीत नव्हताही, तो यायला अजून अवकाश होता. मी नंतर पाणी तपासलं. काही नव्हतं. बाबाला तसं सांगितलंही: काही झालं नाही, पण पुन्हा नको.

एवढंच. हे ध्यानात ठेवा.

पुढचे दिवस — काय सांगू? बाबा माणसात आला. सकाळी खाडीवर जाऊन पाव्हण्यासाठी बारक्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणायचा. पाव्हणा त्याला ओळखायला लागला. मी काचेशी गेले तर रंग बदलून मडक्यात. बाबा गेला तर एक पाय हळूच वर, बाबानं जरासं सरकवलेल्या झाकणाशी. बाबा दुखऱ्या हाताचं बोट पुढं करायचा आणि तो ते धरायचा. "शेकहँड करतो, तुझ्या सायबासारखा." सोसायटीतली माणसं बघायला यायची. ज्यांनी आमच्या सुक्या बोंबलांची तक्रार केली होती, तीही. बाबा त्यांना चहा पाजायचा आणि माहिती माझ्या नावावर खपवायचा — माझी पोरगी सांगते, याला तीन काळजं असतात.

आमच्या लॅबमध्ये एक वरिष्ठ आहेत. मी नवीन असताना माझा डबा उघडला की नाकाला रुमाल लावायचे. मी पाठवलेला पाव्हण्याचा फोटो बघून त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "खरंच जिवंत आहे, की फोटो नेटवरचा?" सगळे हसले. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच सातपाटीला हळदीला गेला होता. मला कंपनीत सकाळची पाळी. निघता निघता वाटलं, चांगला व्हिडिओ काढावा. काचेवर उजेड चमकत होता, म्हणून पाटा खाली ठेवला, झाकण सरकवलं, वरून काढला. सुंदर आला. तो त्या साहेबांना दिसेल अशा ग्रुपवर पाठवत होते, तेवढ्यात खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. मी पळाले.

मधल्या वेळात एकदा तरी आठवलं असेल की नाही? आठवलं. बसमध्येच, उमरोळीच्या — नाही, आमची बस तिकडून जातच नाही. बघा, अजून मन पळवाटा शोधतं. बस बोईसरच्या नाक्यावरच उभी होती तेव्हा आठवलं. उतरता आलं असतं. फोनवर त्या साहेबांचा अंगठा आला होता, आणखी कुणाचं काय येतंय ते मी बघत बसले. म्हटलं, एवढ्यात काय होतंय.

दुपारी घरी आले तेव्हा टाकी रिकामी होती. तो न्हाणीच्या उंबऱ्याशी सापडला. आत नळ ठिबकत असतो — ओलाव्याचा माग काढत निघाला असणार. हातभर राहिलं होतं. अंगाला पायपुसण्याचे धागे चिकटले होते. पाण्यात धरून पाहिला, हलला नाही. मग मी काय केलं? धागे एकेक वेचून काढले. मडक्यात ठेवला, तोंड आतल्या बाजूला करून. फरशी पुसली. झाकण सरळ केलं. त्यावर पाटा ठेवला.

तेव्हाच ठरवलं होतं का खोटं बोलायचं? फरशी कशाला पुसली मग?

बाबा दिवस असताना परतला. हातात डबा, डब्यात ओल्या फडक्याखाली चिंबोऱ्या. "पावन्या, हळदीचं जेवन आनलंय!" मी त्याला टाकीपर्यंत जाऊ दिलं. त्यानं झाकण सरकवून एक चिंबोरी सोडली, ती मडक्यावर चढली, पाव्हण्याच्या पायावरून चालत गेली. बाबा वाट बघत राहिला. "झोपला असंल." मग बोट पाण्यात घातलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काय झालं गो याला? तू शिकलेली. तू सांग."

तो विचारत होता, आणि मला त्याच्या करगोट्याचा काळा दोरा दिसत होता.

"तांबं," मी म्हणाले. "बाबा, तू पैसा लावला होतास ना पाण्याला."

"एकदाच बुडवला पोरी. लगेच काढला."

"एकदाही पुरतं."

दोन शब्द. केमिस्ट्रीची पदवी असलेल्या बाईचे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं तो डॉक्टरकडं बघायचा. मग करगोटा सोडला, पैसा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "तुझ्या लॅबीत ठेव. तिथं असतात ना विषाच्या वस्तू." चिंबोऱ्या त्यानं शिजवल्या नाहीत. सकाळी खाडीत नेऊन सोडल्या.

त्यानंतर तो घरात विचारून हात लावायला लागला. लोणच्याच्या बरणीला — "लावू का हात?" पाण्याच्या माठाला — "तूच भर." नारळी पौर्णिमेला आम्ही सातपाटीला गेलो. घरचा नारळ दरवर्षी तोच सोडायचा. त्या वर्षी दामूच्या हातात दिला. "तू सोड. माझा हात दर्याला नको." आळीतले हसले, म्हातारा चळला म्हणाले. मी तिथंच उभी होते. नव्या साडीत.

सांगायला वेळ नव्हता असं नाही. पुढं तो खाटेला खिळला, तेव्हाही एका सकाळी मऊ भात भरवताना त्यानं विचारलं, "एकदाच बुडवला होता ना गो मी?" त्याला काय हवं होतं ते मला कळलं होतं. एक वाक्य. मी म्हणाले, "बाबा, घास गार होतोय."

त्यानं तोंड उघडलं.

बाबाला जाऊन आता दोन पावसाळे झाले. पैसा लॅबमधल्या माझ्या खणात आहे. टाकीत पाणी नाही, पाटा तिच्यावर तसाच आहे. मध्ये सातपाटीला गेले तर दामूची बायको जिवंत चिंबोऱ्यांच्या टोपात हात घालण्याआधी बोटातली तांब्याची अंगठी काढत होती. पाणीही लागू द्यायचं नाही म्हणे. मी विचारलं, हे काय नवीन?

ती म्हणाली, "तुमीच तर काकांना सांगितलंत ना ताई, एकदाही पुरतं. आता आळीत सगळीच काढतात."

पैशानं तो मेला नाही. झाकण मी उघडं टाकलं होतं.

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. आळीत आता माझा शब्द चालतो. एवढं मी मिळवलं.