काय उचलू ते सांगा

कामरगावात मी जन्मभर भूगोल शिकवला. ढगांचा धडा तर तोंडपाठ: सगळ्यात उंच पिसांसारखे सिरस, मधल्या उंचीवर अल्टो, खाली स्ट्रेटसची करडी गोधडी आणि खालून थेट वर चढत जाणारा, गडगडणारा क्युम्युलोनिम्बस. एका उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या वाळत घालणाऱ्या बायकोला मी हे सगळं मोठ्या हौसेनं सांगू लागलो. तिनं मानही वर केली नाही.

"नावं कायले सांगून राह्यले तुमी? काय उचलू ते सांगा."

तिचे ढग तसेच होते. एक कपड्यांचा, दोरीवरून ओढून घेतले की झालं. एक कुरड्यांचा, साडीसकट गुंडाळून पळायचं. आणि एक तुरीचा. ते ओझं एकटीनं हलत नसे, म्हणून मला हाक यायची. हे काय वर्गीकरण आहे, म्हणून मी चिडायचो आणि चिडतचिडत पळत वर जायचो.

ती गेली त्याला अजून वर्षही झालं नाही. परवा दुपारी आभाळ काळं झालं आणि शेजारीण आपल्या गच्चीवरून सवयीनं ओरडली, "गुरुजी, उचला लवकर!" मी धावत वर गेलो. क्युम्युलोनिम्बसच होता, शंकाच नाही. दोरी रिकामी होती. वाळवणाच्या साडीच्या चार टोकांवर ती ठेवायची ते दगड तेवढे कठड्यापाशी पडले होते.

थेंब पडायला लागले, तसे मी ते दगड उचलले आणि घरात आणून ठेवले.