भावकीचा ट्रॅफिक

"रोज सकाळी एकदा उघडायचं, इसरू नका. पोराचा नंबर वर चाललाय गूगलात."

खिडकीबाहेर अण्णा कुणाला तरी फोनवर सांगत होते. अण्णा म्हणजे सुशांत सरांचे वडील. ढोकीहून पोराचा डबा घेऊन आले होते. मी आत वेबसाइटचा रिपोर्ट उघडून बसले होते. माउसवरचा हात तसाच राहिला.

सरांनी एक ॲप बनवलंय. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याच्या यार्डात रांगेत उभे असतात. आपला नंबर कधी लागेल, हे ड्रायव्हरला त्यात दिसतं. माझं काम एसईओचं. म्हणजे लोक गूगलवर जे शब्द टाकतात, त्यांवर आपली वेबसाइट वर यावी यासाठीची खटपट. सरांना मार्केटिंगची चीड. प्रॉडक्ट चांगलं असलं की लोक येतात, स्वतःची टिमकी कशाला वाजवायची, असं ते म्हणत. वेबसाइटवर त्यांनी 'यार्ड क्यू ऑप्टिमायझेशन' लिहून ठेवलं होतं. ड्रायव्हर असले शब्द शोधत नाहीत, ते बदलू या, असं मी मेलवर सुचवलं होतं. समोरासमोर नाही.

आणि या महिन्यात साइटवर लोक खरंच येऊ लागले. रोज सकाळी ग्राफ चढायचा. एकाही ड्रायव्हरचा फोन नव्हता, पण हंगाम सुरू झाला की येतील, असं सरांचं म्हणणं. त्या ग्राफच्या भरवशावर ते पुण्याच्या कंपनीतली, इथूनच ऑनलाइन करत असलेली नोकरी सोडणार होते. राजीनाम्याचा मेल लिहून तयार होता.

काय टाइप करून लोक साइटवर आले, ते सर्च कन्सोल नावाच्या टूलमध्ये दिसतं. मी पाहिलं. सगळ्यांनी ॲपचं नावच टाकलं होतं. ते आधीपासून माहीत असलेलाच टाकणार. ऊस, ट्रॅक्टर, यार्ड, यातलं काही शोधत कुणी आलं नव्हतं.

बाहेर जाऊन अण्णांना हळूच विचारलं. ते खुशीत सांगू लागले. भावकीच्या ग्रुपवर त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं होतं. तामलवाडीचे चुलते, आत्या, सुना, जावई.

"आपल्याच लोकांनी न्हाय बघायचं, तर कुणी?"

मी आत आले. अण्णाही मागोमाग येऊन खुर्चीत बसले. आता त्यांच्यादेखत कसं बोलायचं? माझी वाक्यं आधी इंग्रजीत जुळतात. त्या दिवशी तीही जुळेनात.

"ग्राफ बघितला का?" सर म्हणाले. "मी म्हणलं नव्हतं, मार्केटिंग लागत नाही?"

मी सवयीनं मान डोलावली. मग सरांनी तो मेल उघडला.

मेल त्या दिवशी गेला नाही. सर पुढे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. आकडा किती आहे यापेक्षा तो कुणाचा आहे हे मी आता आधी बघते. त्या दिवशी मी बोलले ते एवढंच:

"सर, थांबा. ही सगळी तुमच्या घरची माणसं आहेत. अण्णांनी मायेनं पाठवलेली. ड्रायव्हरला आपण अजून सापडलोच नाही. राजीनामा राहू द्या, आणि वेबसाइटवर मला ड्रायव्हर बोलतात तसं लिहू द्या."