तेलाच्या बोल्टवरची पिवळी रेघ

आमच्या आरोग्य केंद्राची जीप माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि माझ्यापेक्षा जास्त खोकते. जुन्या बनावटीची, चारही चाकांना जोर देणारी. चढ आला की खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरच्या चकत्या हातानं फिरवायच्या, परत आत बसून छोटा दांडा ओढायचा, तेव्हा कुठे बाईसाहेब वर चढायला तयार होणार. नव्या गाड्यांत हे सगळं एका बटणावर होतं म्हणे. वरचे साहेब दर वर्षी नवी गाडी देतो म्हणतात आणि दर वर्षी विसरतात. तरी ही गाडी बावीस वर्षं चालली ती एका माणसामुळे. त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्यांच्याशी जे बोलायला हवं होतं ते मी वेळेवर बोललो नाही.

सगळे त्यांना चिमटी मिस्त्री म्हणायचे. गाडीतून काढलेल्या तेलाचा थेंब ते अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरून चोळायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "धूळ गेलीय आत. हवेची जाळी साफ केली नाहीस." किंवा, "लोखंडाचा चुरा लागतोय. मागच्या चाकांचं बेअरिंग बोंबलतंय, महिन्याभरात बघ." महिन्याभरात ते बेअरिंग खरंच बोंबलायचं. मी थक्क व्हायचो आणि ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू ड्रायव्हर लोकांना देवानं डोकं दिलं ते फक्त टोपी घालायला.

त्यांचे नियम पक्के. इंजिन गरम करूनच तेल काढायचं, म्हणजे तळाचा गाळही वाहून येतो. गिअरबॉक्सचं तेल काढताना आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडून बघायचा, मगच खालचा सोडायचा. एकदा मी घाईत खालचा आधी सोडला, तर पाना हातातून काढून घेतला. "आणि वरचा उघडलाच नाही तर? रिकामा गिअरबॉक्स घेऊन गावभर नाचणार आहेस का?" कंपनीच्या पुस्तकात पाच हजार किलोमीटर लिहिलंय, पण आमच्या धुळीच्या चढउतारांवर ते तीन हजाराला तेल बदलायचे. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवायचे, आटे नीट बसले की मगच पाना लावायचे. शेवटी बोल्टवरून तेलाच्या चेंबरपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसणार. रोज सकाळी गाडीखाली वाकून त्या रेघा बघणं हे माझं काम. दाढी चुकली तरी ते चुकलं नाही.

गाडीवर त्यांचा इतका जीव असायचं आणखी एक कारण होतं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना खाली शहरातल्या इस्पितळात रक्त साफ करणाऱ्या मशीनवर न्यावं लागायचं. अडीच तासांचा रस्ता आणि वाहन एकच, आमची जीप. काकू पुढच्या सीटवर उशी घेऊन बसायच्या आणि वाटभर माझी फिरकी घ्यायच्या. "गाडीचं तेल तीन हजाराला बदलतात, माझं आठवड्यातून दोनदा. सांग बघू, मिस्त्रीची लाडकी कोण?" मी म्हणायचो, "गाडीच. तुम्हाला कुठे ते रेघ ओढतात?" त्या खळखळून हसायच्या आणि मग दम लागून गप्प बसायच्या.

मिस्त्रींना स्वतःला साखरेचा आजार होता. त्याची त्यांनी कधी पर्वा केली नाही. गेल्या वर्षापासून मला काही गोष्टी खटकत होत्या. वॉशर हातातून पडायचा आणि पडलेला त्यांना कळायचा नाही. थेंब चिमटीत धरून ते पूर्वीपेक्षा फार वेळ चोळत बसायचे आणि निकाल मोघम द्यायचे, "ठीक वाटतंय." मला ते दिसत होतं. पण त्यांनीच मला पाना धरायला शिकवलं, त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगणार की तुमच्या बोटांची जाण गेली? आणि सांगून करणार काय? या गाडीला हात लावणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ही झाली सबब. खरं कारण, मी भित्रा आहे.

शेवटची सर्व्हिसिंग सोमवारी झाली. मिस्त्री गॅरेजमधल्या, गाडीखालच्या खड्ड्यात उतरले, मी वर उभा होतो. चेंबरचा बोल्ट शेवटचे दोन फेरे बोटांनी फिरवून सोडायचा आणि तेल सुटताक्षणी हात झटकन मागे घ्यायचा, ही त्यांची जुनी सफाई. त्या दिवशी बोल्ट सुटला, कढत काळं तेल त्यांच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं आणि हात तिथेच राहिला. एक, दोन, तीन. मी मनात मोजलं. मग त्यांनी हात खाली घेतला, चिंधीनं पुसला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी टायरकडे बघितलं. म्हणालो, "पुढचे टायर बदलायला आलेत." ते म्हणाले, "हं."

त्याच हातानं त्यांनी बोल्ट परत लावला. पाना जोरात ओढला, घट्ट झाला. रेघ ओढली. मी वरून नवं तेल भरलं.

गुरुवारी सकाळी मी गाडीखाली वाकलो. रेघ सरळ होती. त्या आठवड्यात इस्पितळातलं मशीन बंद असल्यामुळे काकूंची एक फेरी आधीच हुकली होती. पाय सुजले होते, श्वास वरचेवर अडत होता. मिस्त्रींनी त्यांना धरून सीटवर बसवलं, उशी पाठीमागे सारली आणि मला म्हणाले, "दगडांवरून हळू घे. बाकी गाडीची काळजी करू नकोस."

घाटाच्या तिसऱ्या वळणावर तेलाचा लाल दिवा लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागून ट्रक आला तर आम्ही दोघंही खाली. म्हणून शंभरेक पावलं पुढे, जरा रुंद जागा होती तिथवर, गाडी रेटली. तिथे पोचण्याआधीच इंजिननं एक दणका दिला आणि जाम झालं. खाली वाकून बघितलं, बोल्टच्या जागी भोक. मागे डिकीत तेलाचा भरलेला डबा होता. त्याचा काय उपयोग?

फोनला रेंज नव्हती. तेलाच्या मागावरून मी मागे चालत गेलो आणि वळणावर तो बोल्ट सापडला. परत आलो तर काकू दार उघडून, पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. "काय झालं रे?"

"काही नाही, काकू. जरा तेल गळलंय."

"मिस्त्रीला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मनाला लावून घेईल."

पहिलं वाहन तीन तासांनी आलं, वाळूचा ट्रक. आम्ही त्यांना केबिनमध्ये घेतलं. इस्पितळाच्या फाटकापर्यंत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून होत्या. आत मशीन सुरू झालं होतं, ते त्यांच्या कामी आलं नाही.

दहा-बारा दिवस मी मिस्त्रींच्या वाटेला गेलो नाही. बोल्ट खिशात घेऊन हिंडत होतो. काकूंनी सांगू नकोस म्हटलं होतं, मला तेवढंच निमित्त पुरलं असतं. पण एका दुपारी त्यांनीच निरोप पाठवला. गेलो तर गॅरेजचं अर्धं शटर खाली होतं. ते खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. पाने सगळे धुऊन, पुसून, आकारानं लावून ठेवले होते.

"बोल्ट आहे ना तुझ्याकडे? दे."

मी दिला. त्यांनी तो चिमटीत धरला आणि आट्यांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे मिटले.

"मला काही लागत नाही," ते म्हणाले. "तू बघ. खरं सांग."

मी बोल्ट हातात घेतला. बघायचीही गरज नव्हती, कितीदा तरी बघून झालं होतं. खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"एका बाजूचे आटे चेपलेत, मिस्त्री. वाकडा चढला होता. पान्यानं दाबला म्हणून घट्ट वाटला."

"बोटांना कळायला हवं होतं."

"हो."

त्यांनी बोल्ट माझ्याकडून घेऊन पान्यांच्या शेजारी ठेवला. मग बाही वर सरकवली. मनगटावर भाजल्याचा लालसर डाग होता, अजून नीट वाळला नव्हता.

"हे झालं तेव्हा तू वर उभा होतास. तू बघितलंस."

"हो, मिस्त्री."

"मला दुखलंच नाही. तेव्हा घाबरलो मी. तुझ्याकडे बघितलं, म्हटलं, आता हा बोलेल. तू टायरचं काहीतरी बोललास." त्यांनी बाही खाली घेतली. "मग मला वाटलं, ड्रायव्हरला काही वाटत नाही, म्हणजे अजून जमतंय मला."

मी त्यांच्या शेजारी खड्ड्याच्या काठावर बसलो. जे सांगायचं होतं ते सोमवारी सांगायचं होतं.